कालीना एकटी घरी येते

कालीनाच्या बुटाच्या नाडीला तीन गाठी असत. दोन आई मारी, तिसरी शाळेच्या फाटकाशी त्स्वेताना आजी. कालीना नऊ वर्षांची होती आणि या तिन्ही गाठींशी तिचा काहीही संबंध नव्हता.

नात पहिलीत गेली तेव्हा आजी गावचं घर बंद करून रुसे शहरात लेकीकडे आली, एका हिवाळ्यापुरती. हा तिसरा हिवाळा. पोर एकटी घरी येऊ लागली की आपण गाव गाठायचं, हे तिने मनाशी ठरवलं होतं. लेकीला सांगायचं तेवढं राहून जात होतं.

अखेर पोरीला एकटीने घरी येऊ द्या असं वर्गशिक्षिकेने बजावलं, तेव्हा कालीनाची आई रालित्सा तयार झाली. "येऊ दे एकटी. पण आई, तू मागून जा. दिसू नकोस!"

"चारशे पावलांचा तर रस्ता!"

"त्यात एक चौक आहे!"

"माझ्यावर सोड. तिच्या सावलीलासुद्धा पत्ता लागणार नाही!"

साडेबाराला आजी, दिवंगत नवऱ्याचा ओव्हरकोट आणि काळा चष्मा चढवून, रस्त्याकडेच्या झाडाआड उभी राहिली. झाड मनगटाएवढं, आजी पिंपाएवढी! कालीना फाटकाशी पाच मिनिटं इकडेतिकडे बघत थांबली. मग निघाली. आजीही या झाडाआडून त्या झाडाआड. वर्तमानपत्रांच्या टपरीतल्या बाईने ते पाहिलं आणि पोलिसांना फोन लावला: कोटवाला माणूस लहान मुलीच्या मागावर!

गाडी दोन मिनिटांत हजर.

"चष्मा काढा! अहो, तुम्ही तर आजीबाई!"

"हळू बोला, पोरीला ऐकू जाईल!"

"माझ्या आईला सोडा!" मागच्या टॅक्सीतून रालित्सा धावत आली.

"तू ऑफिसात होतीस ना गं?"

"तुझं लक्ष कुठे असतं रस्त्यात? मलाच बघायला हवं होतं!"

इतक्यात बेकरीच्या कोपऱ्यावरून, तोंडावर हुडी ओढलेला एक इसम पुढे आला. तो जावई प्लामेन निघाला. त्याचा दोघींवरही भरवसा नव्हता.

पोलिसाने वही उघडली. "बरं, मुलगी कुठे आहे?"

तिघांनी तीन दिशांना पाहिलं. रस्ता रिकामा होता.

तिघे धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचले. कालीना बंद दाराशी, गार पायरीवर, दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. चौक तिने हिरव्या दिव्यावर ओलांडला होता. किल्ली मात्र तिला कुणी दिलीच नव्हती.

"घाबरलीस ना गं राणी?" रालित्सा तिचं कपाळ चाचपू लागली. "कुणी काही बोललं का?"

कालीना रडली नाही, हसलीही नाही. "आज मला न्यायला कुणीच आलं नाही," ती म्हणाली. "मी काही वाईट वागले का?"

आज एकटीने यायचं, हे तिला सांगायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं होतं.

रालित्साने डोळे पुसले. "झाले तेवढे प्रयोग पुरे! आई, उद्यापासून तू थेट वर्गाच्या दारात उभी राहा!"

'बरं' म्हणायला आजीने तोंड उघडलं. तीन वर्षांची सवय. मग ती ओव्हरकोटासकट नातीशेजारी पायरीवर टेकली आणि तिचा हात हातात घेतला. हात बर्फासारखा होता.

"तू काही वाईट वागली नाहीस. चूक आमची," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "हिला किल्ली करून द्या. मी रविवारी गावी चाललेय."