हत्ती ताटलीत निजत नाही

सरांच्या नजरेतून चूक सुटणं शक्यच नव्हतं. असं सर स्वतःच सांगत. सगळा जन्म विज्ञान शिकवण्यात आणि पोरांच्या वह्या लाल पेनाने रंगवण्यात गेलेला. निवृत्तीनंतर तर त्यांनी औषधांच्या बाटल्यांवरचा मजकूरही दुरुस्त करून टाकला होता.

त्यांची बायको म्हणजे सगळ्या गल्लीच्या काकू. मुलांच्या बडबडगीतांचं पुस्तक निघावं म्हणून काकूंनी वर्षानुवर्षं प्रकाशकांचे उंबरे झिजवले होते. शेवटी एकदाचा योग आला, आणि नेमका तेव्हाच बहिणीचा पाय मोडला. निघता निघता काकूंनी प्रूफ सरांकडे देऊन बजावलं, "अहो, फक्त पानांचे आकडे क्रमाने आहेत का तेवढं बघा आणि छापखान्यात देऊन या. शब्दाला हात लावायचा नाही."

सरांनी चष्मा पुसून पहिलं पान उघडलं.

हत्ती निजला ताटलीत,
घोरणं भरलं बाटलीत!

सरांना दरदरून घाम फुटला. हे असलं छापून आलं तर लोक हसतील हिला! बायकोवर त्यांचा भारी जीव. त्यांनी लाल पेन काढलं आणि एकेका गाण्याचा निकाल लावला. छापखानेवाल्याला वाटलं, काकूंनीच बदल सुचवले असतील. त्याने मुकाट्याने सगळे केले.

प्रकाशनाच्या दिवशी वाचनालयाचा हॉल मुलांनी गच्च भरला होता. काकू थेट बहिणीकडून आल्या आणि पुस्तक त्यांनी मंचावरच पहिल्यांदा उघडलं. सर पहिल्या रांगेत, शाबासकीच्या तयारीत. काकूंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पानावर छापलं होतं, 'हत्ती ताटलीत निजत नाही. घोरणे हा आवाज असल्याने तो बाटलीत भरता येत नाही.'

काकूंचे डोळे भरून आले. मुलं चुळबुळ करू लागली, प्रकाशक रुमाल शोधू लागले. काकूंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांनी पुस्तक मिटून मूळ गाणं तोंडपाठ म्हटलं. मुलं खिदळली. त्यावर काकूंनी पुस्तक पुन्हा उघडलं, घसा खाकरला आणि हुबेहूब सरांच्या आवाजात छापलेलं वाचलं. मुलं खुर्च्यांवरून घरंगळायची बाकी राहिली.

"मुंगीने उघडली छत्री, चंद्राला लावली कात्री!" काकू म्हणाल्या, आणि लगेच नाकावर चष्मा ओढून, "चंद्र फार लांब आहे. कात्री पोचणार नाही."

हॉल दणाणला. यात हसण्यासारखं काय आहे, सगळं खरंच तर आहे, हे काही सरांना कळेना.

पुस्तकं हातोहात संपली. पुढच्या आवृत्तीत गाणीही छापू आणि सरांच्या दुरुस्त्याही, असं प्रकाशकांनी जाहीर करून टाकलं. सरांची छाती फुगली.

"बघ, मी म्हणत होतो ना? माझ्या नजरेतून चूक म्हणून सुटत नाही."

काकूंनी आपलं पुस्तक सरांच्या हातात दिलं आणि पानं उलटून दाखवली. सहाव्या पानानंतर नववं होतं, आणि नवव्यानंतर पुन्हा सहावं.