कपाळीच्या डागाचा गुण परीक्षिला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वाचणाराची मती ठिकाणी राहो, लिहिणाराची राहिली नाही. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, माघमासी एका राज्यात चोरीचा बोभाटा फार जाहला. तेव्हा कोतवाल सुभानराव यांणी शोध करून हुजूर कागद ठेविला की, शंभर चोरांचे कपाळी तापल्या सळईचा डाग दिल्हा, वर्षात एकही पुन्हा चोरी करिता सापडला नाही. आणि राजवैद्य यांणी उलट शोध मांडिला की, बारा चोर पाहिले, डागाने काडीचा गुण नाही. महाराज बुचकळ्यात पडले. त्याच समयी हैबती तांबट एका सरदाराचे मुदपाकखान्यातील स्वयंपाकाचा हंडा उचलोन नेता सापडला, तो कैदेत होता. मग महाराज बोलिले, "कोतवालाचा शोध खरा ठरल्यास यास डाग द्यावा, वैद्याचा खरा ठरल्यास सोडावे." आणि निवाडा शोधपरीक्षक अंतोपंत यांजकडे आला.

पंत भला माणूस, परंतु सरळ गोष्टीस सात फाटे फोडणारा. दफ्तरची चाल ऐसी की, शोधाचे कागद तागडीत घालावे, जड तो खरा. कोतवालाचा सव्वा शेर भरला, वैद्याचा पावशेर, आणि काम तेथेच उरकावे, तो दाराशी हैबतीची बायको गोजाबाई बसली होती ती बोलिली, "पंत, त्या कागदात माझ्या धन्याचं कपाळ हाय. तोलताय काय, वाचा की!" पंतांस लाज वाटली, आणि त्यांणी जन्मात प्रथमच शोध उघडोन वाचिला, आणि डोके गरगरले. शंभरांत एकही पुन्हा सापडला नाही खरे, पण ते शंभर आहेत कोठे? मग कोतवालाकडे जाऊन पुसिले. सुभानराव हसोन म्हणाले, "डाग दिला की शिवेपार हाकलतो. इथं ठेवून काय पूजा बांधायची?"

"मग तिकडे ते चोरी करितात की काय?"

"ते तिकडच्या कोतवालानं बघावं!"

पंत तेथून वैद्याकडे गेले आणि बारा चोर कोठून आणिले ऐसे पुसिले. वैद्य चाचरोन म्हणाले, "चौघे खरे चोर. बाकीचे आमचे सोयरे, पानसुपारीवर आले, भले लोक आहेत." हे ऐकोन पंत घरी परतले. एकाचे चोर राज्यात नाहीत, दुसऱ्याचे राज्यात आहेत ते चोर नाहीत! दोन दिवस भातावर ताक समजोन पाणी ओतीत होते. अखेर निकाल लिहिला की, दोन्ही शोध फुसके, डागाचा गुण शाबीत नाही. गोजाबाईस सांगितले, "बाई, घरी जाऊन चूल पेटव, धनी येतो." आणि निकालाखाली दफ्तरी एक वाक्य लिहिण्याची रीत आहे, ते हाताच्या सवयीने लिहिले, "पुरावा अपुरा, सबब अधिक शोध व्हावा."

महाराजांनी निकाल ऐकिला आणि फार संतोष पावले. म्हणाले, "वाहवा! सुभानराव, अधिक शोध करा, हैबतीपासून आरंभ करा. डाग द्या, मात्र या खेपेस शिवेपार घालवू नका, पंतांचे आळीत ठेवा, म्हणजे मोजता येईल."

पंत हात जोडोन म्हणाले, "महाराज, सेवकाने ऐसे लिहिले नाही."

"मग काय लिहिले?"

पंत कागद पुन्हा पुन्हा पाहू लागले, तो अक्षर आपलेच, शब्दही आपलेच. मग तिसरे प्रहरी चावडीपुढे हैबतीस डाग दिल्हा, आणि गोजाबाई पंतांस म्हणाली, "न वाचतासुदिक हेच झालं असतं की वो!" पंतांस रडू कोसळले. वाचिले हे बरे केले की वाईट, हे त्यांस त्या दिवशी कळले नाही आणि पुढेही कळले नाही.

एवंच, त्या साली शोध तीन जाहले. दोन फुसके ठरले, तिसरा चालू आहे. हैबती समोरचे घरी राहातो, त्याने आज चोरी केली की नाही हे पंतांनी नित्य सकाळी जाऊन पुसावे ऐसा हुकूम आहे, आणि पंत जातात, आणि त्याचे कपाळाकडे न पाहता पुसतात. हे लेखनसीमा.