रोमँटिक पियानोला सशर्त मंजुरी

पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात एक भलामोठा पियानो आहे आणि तो वाजवण्यासाठी नाही, हे सर्व सभासदांना मान्य आहे. आयटीवाली मंडळी फ्लॅट शोधत यायला लागली तेव्हा बिल्डरनं तो आणून ठेवला, पत्रकात 'पियानो लाउंज' असं छापलं आणि चौरस फुटाचा भाव चढवला. तेव्हापासून पियानोवर मखमल आहे, मखमलीवर प्लॅस्टिक आहे आणि प्लॅस्टिकवर सत्यनारायणाचा चौरंग.

अशा सुरळीत कारभारात शेफालीनं अर्ज केला. शेफाली म्हणजे गेनबांची नात. ही सोसायटी गेनबांच्या वांग्याच्या वावरात उभी आहे. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावर फ्लॅट मिळाला. पोरगी लहानपणापासून बस बदलत कॅम्पात जाऊन पियानो शिकली. आता तिला परदेशातल्या संगीत विद्यालयात प्रवेश हवा होता. त्यासाठी खऱ्या पियानोवर एका दमात वाजवलेलं, कुठंही न कापलेलं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, आणि मुदत संपत आली होती. घरी साधा कीबोर्ड. शिकवणाऱ्या बाईंच्या पियानोला वाळवी. राहिला आमचा. त्याचे सूर जुळवायला माणूससुद्धा तीच आणणार होती.

अर्जात तिनं लिहिलं, 'रोमँटिक पियानो रचनांच्या रेकॉर्डिंगसाठी क्लबहाउस मिळावे.' तिथंच चुकली.

समितीची तातडीची सभा भरली. शेफालीला समोर बोलावलं. अध्यक्ष हिंमतराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. चिटणीस सत्यशीलाताई, बागेत जोडपी बसतात म्हणून यांनी बाकच उपटून टाकले होते. आणि सहचिटणीस मी, कारण सभेला चहा असतो.

"रोमँटिक," हिंमतराव चष्मा पुसत म्हणाले. "कोणाबरोबर?"

"एकटीच वाजवणार आहे, काका," शेफाली म्हणाली.

"एकटीनं कसं होईल ते?"

"अहो, रोमँटिक हा संगीतातला एक काळ आहे. एकोणिसावं शतक."

"म्हणजे शंभर वर्षं हे चाललं होतं, आणि समितीला आज कळवताय?"

मी गरीब चेहरा करून विचारलं, "तुझ्या अर्जाला जोडलेल्या यादीत नॉक्टर्न म्हणून काहीतरी आहे. म्हणजे काय गं?"

"रात्रीचं संगीत."

सत्यशीलाताईंनी पेन खाली ठेवलं.

"काकू, मी सकाळी वाजवणार आहे!"

"रात्रीचं सकाळी? मग तर शुद्ध फसवणूक. आणि हे पुढचं, इम्प्रॉम्टू?"

"ऐनवेळी सुचल्यासारखं वाजवायचं."

"ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीनंच येतात," हिंमतरावांनी खडसावलं. "असं सुचलं की वाजवलं, हे इथं चालणार नाही."

इतका वेळ दाराशी उभे असलेले गेनबा पुढं आले. "आवं, माझ्याच वावरात उभा हाय त्यो पियानू. तिथं वांगी हुती, तवा कुणाची परवानगी लागत नव्हती."

"वांगी रोमँटिक नव्हती, गेनबा," सत्यशीलाताई म्हणाल्या.

शेवटी मीच तोडगा काढला. 'रोमँटिक' खोडून 'कौटुंबिक' लिहिलं. मंजुरी एकमतानं मिळाली, अर्थात सशर्त: दारं उघडी, दिवे चालू, रचना एकदाच वाजवायच्या, आणि मर्यादा पाळल्या जातात का हे पाहायला अध्यक्ष व चिटणीस पियानोशेजारी बसणार.

बसले. पोरगी वाजवायला लागली. काय सांगू तुम्हाला, चौरंगाखाली एवढं काही दडलं असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. सत्यशीलाताईंचा पदर डोळ्यांकडे गेला. शेवटच्या रचनेत सूर इतका हळू झाला की पंख्याची घरघर ऐकू यायला लागली, आणि नेमक्या त्या क्षणी हिंमतरावांनी मांडीवर थाप मारली.

"अहाहा! क्या बात है!"

"शूऽऽ! रेकॉर्डिंग चालू आहे!" सत्यशीलाताईंनी दटावलं.

"ठाऊक आहे मला! दाद दिली मी!"

"दाद द्यायचं ठरलं नव्हतं!"

"मग काय मुडद्यासारखा बसू? अध्यक्ष आहे मी!"

"हळू बोला, रेकॉर्ड होतंय!"

शेफालीचे हात थांबले नाहीत. मान मात्र खाली गेली. पुन्हा वाजवू द्या म्हणून तिनं हात जोडले. पण मंजुरी एकदाचीच होती, आणि बाहेर भिशीच्या बायका खुर्च्या घेऊन उभ्या होत्या. आहे तेच रेकॉर्डिंग गेलं.

परदेशातून उत्तर आलं: वादन विलक्षण आहे; पण शेवटच्या रचनेत दोन व्यक्ती भांडतात, तो मूळ रचनेचा भाग आहे काय? नसल्यास अर्ज नियमात बसत नाही.

हल्ली शेफाली खराडीला एका कंपनीत असते. सॉफ्टवेअर तपासते. "शेवटी बोटं कीबोर्डवरच आहेत ना," हिंमतराव सगळ्यांना सांगतात, "कला वाया गेली नाही." समितीनं तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तोही क्लबहाउसातच. पियानोवर तेव्हा भेळेची भांडी होती.

त्या रेकॉर्डिंगची सीडी गेनबा रोज संध्याकाळी लावतात. भांडण आलं की आवाज बारीक करतात, मग पुन्हा मोठा करतात. एक प्रत माझ्याकडेही आहे. सोसायटीत अजून कोणी मागितली नाही. तुम्ही मात्र एवढं सगळं वाचलंत, मधेमधे हळहळलात, आमच्या समितीला मनातल्या मनात शिव्याही घातल्यात. तुम्ही रसिक माणूस. म्हणून विचारतो, देऊ का ऐकायला?

बघा, आलंच तुमच्या तोंडी: "किती मिनिटांचं आहे हो?"