सुभद्रामावशी आणि माझी कंबर

सुभद्रामावशी माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसे. घरात आली की मागून वळसा घालून पाठ न्याहाळायची आणि मगच "बरी हायेस ना?" विचारायची. नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत तिचा हातमाग होता. सारा जन्म मागावर वाकून गेल्यामुळे पाठीच्या बाबतीत डॉक्टरही आपल्यापुढे लिंबूटिंबू, अशी तिची पक्की समजूत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला सातवा महिना लागला आणि कंबर धरली. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता, वार्षिक परीक्षा दीड महिन्यावर, आणि हेडमास्तर 'रजा घ्या' म्हणून मागे लागलेले. पोरांना अर्ध्यावर सोडायचं नाही, हा माझा हट्ट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासणीत सगळं ठीक आहे, पण दुखण्याच्या गोळ्या शक्यतो नकोत. मावशीला तेवढंच हवं होतं.

"गोळी नाई न् काई नाई. तुही कंबर माह्याकडं लागली आता!"

सकाळी ती माझ्यासोबत शाळेपर्यंत चालायची. "पोट पुढं काढू नको वं, मिरवणूक हाय का?" संध्याकाळी मला चटईवर हातापायांवर ओणवं करून पाठ हळूहळू वरखाली करायला लावायची. माझा नवरा बिचारा तेवढा वेळ अंगणात उभा. मग कोमट मिठाची पुरचुंडी, तीही फक्त कमरेवर. एकदा तर भर वर्गात वीट घेऊन आली. "उभी रायली का एक पाय यावर ठेवजो. थकला का दुसरा."

हेडमास्तर हसले, "बाई, तुमचा विठोबाच केला की!"

"विठोबाले कुठं सातवा महिना हाय?" मावशी उसळली. हेडमास्तरांनी रजेचा विषय पुन्हा काढला नाही.

पोटाला खालून आधार म्हणून तिनं सुती पट्टा विणला, त्याला दोन्हीकडून लालभडक करवती काठ! मला हसू आवरेना. "काठाबिगर कापड माह्या मागावरून उतरत नाई," ती म्हणाली. तो बांधून मी शेवटच्या पेपरापर्यंत निभावलं. दुखणं पुरतं गेलं नाही, पण सोसवलं.

परीक्षा संपली त्या दिवशी मावशी अंतर्देशीय पत्र घेऊन आली. "लिही. उमरेडले, शेवंतीले."

शेवंती तिची एकुलती एक मुलगी. मर्जीविरुद्ध लग्न केलं म्हणून मावशीनं तिला घर बंद केलं होतं.

"तिलेही सातवा लागला म्हनते. तुले सांगितलं ते सारं लिही. पन नाव तुहंच टाक."

"काहून?"

"माहं नाव पायलं तर फाडून टाकन. माहीच पोरगी हाय ते."

मला तिचा राग आला आणि फार वाईटही वाटलं. मी चालणं, वीट, पुरचुंडी, सगळं लिहिलं. पत्र चिकटवणार तोच तिनं हात धरला.

"थांब. कुशीवर झोप म्हना. अन् पाठीमांगं उशी लाव म्हना, घट्ट. लहानपनी माह्या पाठीले पाठ लावल्याबिगर तिले झोप येत नव्हती वं."