पाळणाघर सर जाहले त्याची हकिकत

कन्या-नातवंडांस आणि त्यांच्या पुढील पिढ्यांस ठाऊक असावे, आणि पुढेमागे कोणी "आम्ही तर आपोआपच वाढलो" ऐसे म्हणू लागल्यास त्यांचेपुढे ठेवावयास कागद हाती असावा, म्हणोन ही हकिकत लिहिली. लिहिणाराने कोणाचा पक्ष धरिला नाही. जे घडले ते लिहिले, आणि जे घडले नाही परंतु बाबा सरकार घडले म्हणोन सांगत फिरतात तेही लिहिले, मात्र तेथे तैसे नमूद केले.

तर बाबा सरकार म्हणजे शहराच्या मोठ्या ग्रंथालयात वर्गीकरणाच्या टेबलावर बसणारे मातब्बर असामी. नवे पुस्तक आले की उघडावे, चार पाने चाळावी, आणि ते कोणत्या कपाटात जाईल याचा निवाडा करोन पाठीवर चिठ्ठी डकवावी, ऐसा त्यांचा चौदा वर्षांचा शिरस्ता. एकदा डकविलेली चिठ्ठी त्यांनी काढिली ऐसे कोणाच्या ऐकिवात नाही. मधमाश्यांवरील एक पुस्तक त्यांनी घाईत मिठाईच्या कपाटात लाविले, ते आजतागायत तेथेच आहे आणि वाचणारांनी सवय करोन घेतली आहे.

बाईसाहेब मात्र वेगळ्या हुनराच्या. दातांच्या कवळ्या घडविण्याचे कारखान्यात त्या नामांकित कारागीर. मेणात एकेक दात बसवावा, केसाइतका फरक नजरेने टिपावा, आणि ज्याच्या तोंडात जावयाचे त्याच्या तोंडाचा अंदाज हाताने घ्यावा, ऐसे त्यांचे काम. शेजारशेजारचे दोन दात कधी एकसारखे नसतात, हे त्या नेहमी म्हणत. बाबा सरकार मान डोलावीत, आणि ऐकत काही नसत.

ऐशा घरी सात मिनिटांच्या अंतराने दोन कन्यारत्ने जन्मास आली. मुद्रा एक, बांधा एक, आवाज एक. थोरलीच्या डाव्या कानामागे तीळ, एवढीच काय ती तफावत. आणि मग जन्माच्या सतराव्या दिवशी, बाईसाहेबांस सलग दोन तासांची झोप अद्याप मिळाली नसता, बाबा सरकारांनी दोन कोरी कार्डे काढोन त्यांवर स्वदस्तुरे लिहिले: थोरली, स्वभाव दांडगा व निर्भय, उपनाव तोफ. धाकटी, स्वभाव भित्रा, मऊ व विचारी, उपनाव कापूस. पुरावा काय, तर थोरलीने लस टोचणाऱ्या परिचारिकेस लाथ मारिली आणि धाकटी जांभई देती जाहली. कार्डे फ्रिजच्या दारावर चुंबकाने लाविली. आत्याबाईंनी, म्हणजे बाबा सरकारांच्या थोरल्या भगिनींनी, फोनवरोन निवाड्यास पुष्टी दिली की कापूस आमच्या घराण्यावर गेली, आमच्याकडे सगळे शांत आणि विचारी, आणि ती दुसरी जिकडची तिकडे गेली. बाईसाहेब त्या समयी एका हाताने एकीस पाजीत आणि दुसऱ्या हाताने दुसरीस थोपटीत होत्या. उत्तर द्यावयास तिसरा हात नव्हता.

पुढे दोन वर्षे जे जे घडले ते कार्डाप्रमाणे घडले, किंवा घडले ऐसे लिहिले गेले. पिठाचा डबा पालथा जाहला आणि तोफ आत बसलेली सापडली, तेव्हा तोफेस शिक्षा फर्माविली. कापूस दाराशी स्वच्छ हातांनी उभी होती, म्हणोन तिजला शाबासकी आणि पापी. डब्यापाशी स्टूल कोणी ओढोन आणिले, याची चौकशी जाहली नाही.

ऐशात कवळ्यांचे कारखान्यातून बाईसाहेबांस पत्र आले की येत्या गुरुवारी कामावर रुजू व्हावे, अन्यथा जागेवर दुसरा कारागीर नेमिला जाईल. त्यांनी ते पत्र दोनदा वाचिले आणि घडी करोन उशीखाली ठेविले. मग शहरातील पाळणाघराच्या मावशींकडे अर्जी गेली. मावशी वीस वर्षे तो किल्ला राखून होत्या आणि कोणाच्या भिडेस पडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फर्माविले की सोमवार, मंगळवार, बुधवार ऐशी तीन दिवसांची परीक्षा. नऊ वाजता पोरी दाराशी आणाव्या आणि आणणाराने निघोन जावे. अर्ध्या तासात रडणे न थांबल्यास फोन येईल आणि पोरी परत न्याव्या. तिसऱ्या दिवशी दोघी जेवणापर्यंत टिकल्या तर दोन्ही जागा तुमच्या, एक जरी न टिकली तर दोन्ही जागा यादीतील पुढल्यांस.

हे ऐकताच बाबा सरकारांस स्फुरण चढले. कचेरीतून तीन दिवसांची रजा घेतली आणि जाहीर केले की ही मोहीम आम्ही जातीने चालवू, बाईसाहेबांनी घरीच राहावे, कारण आईस पाहोन फौज फितूर होते. ग्रंथालयात तर त्यांनी निघण्याआधीच विजय सांगोन टाकिला होता.

सोमवारी कूच जाहले. कार्डे समोर ठेवोन मसलत केली होती ती ऐशी: कापूस भित्री, तिजकडे सगळी कुमक. बाईसाहेबांची जुनी निळी ओढणी तिच्या गळ्यात, एका कानाचा चिंधी-ससा तिच्या काखेत, पाण्याची आवडती बाटली तिच्या हाती. तोफेस काही नाही, तोफेस काय लागते. आणि निघताना गनिमी कावा करावा, म्हणजे पोरींस ठोकळ्यांत गुंतवोन मागील दाराने पोबारा करावा. त्याप्रमाणे सारे जाहले. बाबा सरकार चपला हातात घेऊन, ओट्याखालून वाकोन, स्वयंपाकघराच्या दाराने अंगणात निसटले, आणि समोरच्या चहाच्या दुकानी बसोन मोठ्या समाधानाने चहा पिते जाहले.

नऊ वाजोन चाळीस मिनिटांनी फोन आला. जाऊन पाहतात तो तोफ दाराची जाळी धरोन ऐसा आक्रोश करीत होती की शेजारील इमारतीत खिडक्या उघडल्या, आणि कापूस ओढणी अंथरोन तिजवर बसोन दुसऱ्या कोणा पोराचे बिस्किट खात होती. बाबा सरकारांची मती गुंग जाहली. थोडा वेळ ते एकीकडे पाहात आणि थोडा वेळ दुसरीकडे, आणि मग त्यांनी काय निदान केले, तर बाईसाहेबांनी सकाळी फ्रॉक घालताना पोरींची अदलाबदल केली. मुलगी चुकेल, कार्ड कैसे चुकेल.

घरी येऊन त्यांनी हा आरोप ठेविला. बाईसाहेबांनी तोफेचा डावा कान पुढे वाकविला आणि तीळ दाखविला. तिळासमोर सरकारांचे काही चालले नाही. मग त्यांनी बराच विचार केला आणि चौदा वर्षांत प्रथमच चिठ्ठीस हात लाविला. मात्र काढिली नाही, दोन कार्डांची जागा तेवढी बदलली. आता तोफ भित्री आणि कापूस निर्भय. पुस्तक या कपाटातून त्या कपाटात, इतकेच.

मंगळवारची मसलत नव्या कार्डांवर जाहली. ओढणी, ससा आणि बाटली कापसाकडोन काढोन तोफेच्या स्वाधीन केली. पुन्हा ठोकळे, पुन्हा ओट्याखालून माघार. या खेपेस चहाचा पहिला घोटही पोटात गेला नाही तो फोन आला. कापूस, जिची ओढणी गेली, ती जमिनीवर पालथी पडोन हातपाय आपटीत होती. तोफेने नको असलेला ससा पाण्याच्या पिंपात बुडविला होता आणि तिजला आवरावयास आलेल्या मावशींच्या मनगटास कडकडोन चावा घेतला होता. मावशींनी मनगट दाखविले आणि सांगितले की उद्या शेवटचा दिवस आहे, आणि यादीत पुढे तेरा घरे आहेत. बाबा सरकार पुढे सांगतात की आपण तेथे मावशींस चांगले खडसाविले. ऐसे काही घडले नाही. त्यांनी ससा पिळला आणि ते घरी आले.

त्या दुपारी बाईसाहेबांनी उशीखालचे पत्र काढोन पाहिले आणि पुन्हा ठेविले. बाबा सरकार फ्रिजसमोर उभे राहोन तिसऱ्या कार्डाची भाषा जुळवू लागले, तेव्हा बाईसाहेबांनी त्यांच्या हातचे पेन काढोन घेतले, त्यांस स्वयंपाकघराच्या दाराआड उभे केले आणि हुकूम दिला की दहा मिनिटे नुसते पाहा, काही लिहू नका.

आणि मग बाबा सरकारांनी जे दोन वर्षे घरात राहोन पाहिले नव्हते ते पाहिले. कापसाने स्टूल ओढोन आणिले. हलते की नाही ते दाबोन पाहिले. मग तिने स्टुलावर थाप मारिली आणि तोफेकडे पाहिले, आणि तोफ हुकमाच्या ताबेदारासारखी वर चढली आणि डब्याचे झाकण उघडू लागली. स्टूल कलंडले. तोफ धाडकन पडली. पडली आणि रडली नाही, तिने कापसाकडे पाहिले. आणि कापूस, जिला कोठे खरचटलेही नव्हते, ती तिच्या वतीने मोठ्याने रडू लागली. तोफ उठली, तिने कापसाचा हात धरिला, आणि रडे थांबले. मग दोघी पुन्हा स्टुलाकडे वळल्या.

बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "रडायचं काम त्या वाटून घेतात. एक रडत असली की दुसरीला रडावं लागत नाही. तू दर वेळी जी रडते तिला भित्री म्हणून लिहितोस."

बाबा सरकारांनी विचारिले की मग हे आधी का नाही सांगितले.

"सांगितलं होतं. तू कार्ड लिहीत होतास." आणि पुढे त्या म्हणाल्या, "उद्या पळून येऊ नकोस. त्यांना सांगून ये. माणूस एकदम नाहीसं झालं तर कुणीही घाबरेल. आणि अरे, मला गुरुवारी माझ्या टेबलावर बसायचंय. दोन वर्षं झाली, मी कुणाचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. मला फार जायचंय."

हे ऐकोन बाबा सरकार खजील जाहले. खरोखर जाहले, हे लिहिणाराने स्वतः पाहिले आहे. त्यांनी दोन्ही कार्डे फ्रिजवरोन काढिली. फाडावयाची होती, परंतु इतक्या वर्षांची सवय, म्हणोन खिशात घातली.

बुधवार उजाडला. ओढणी जिची तिला दिली. ससा वाळला नव्हता, तो दोरीवर राहिला. तोफेने घरून निघताना एक लाकडी चमचा हाती घेतला, कशाकरिता ते कळले नाही, आणि या खेपेस कोणी विचारिलेही नाही. पाळणाघराच्या दाराशी चपला काढोन बाबा सरकार पोरींपुढे उकिडवे बसले. ठोकळे नाहीत, कावा नाही, मागील दार नाही.

ते म्हणाले, "मी आता जातो. तुमचं जेवण झालं की येतो."

तोफेचा खालचा ओठ पुढे आला. कापूस बराच वेळ बापाच्या तोंडाकडे पाहात राहिली, जैसे कोणी मोठे अधिकारी अर्जीवर विचार करितात. मग ती वळली, दाराशी गेली, चपलांच्या ढिगातून बापाची एक चप्पल दोन्ही हातांनी उचलोन आणिली आणि त्याच्या पायापुढे ठेविली. मग परत जाऊन दुसरी आणिली.

"बाबा, जा," ती म्हणाली.

हुकूम जाहला. बाबा सरकार उठले. चपला उलट्या पायांत घातल्या, त्या तैशाच घालोन फाटकापर्यंत गेले. आत तोफेने रडे काढिले, ते बाहेर स्पष्ट ऐकू येत होते, आणि मग त्यात खंड पडला, आणि मग लाकडी चमच्याने काहीतरी बडविल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. परंतु फाटकाबाहेर मात्र रडे चालू जाहले. बाबा सरकार कठड्यास टेकोन, रुमाल तोंडास लावोन, येणाऱ्याजाणाऱ्यांस डोळ्यांत काही गेले ऐसे सांगत राहिले. डोळ्यांत काही गेले नव्हते.

जेवणानंतर दोघी बाहेर आल्या, तोंडास वरण माखलेल्या, हातात हात. सोबत मावशींच्या सहीची चिठ्ठी होती, जैशी त्या प्रत्येक पोराची देतात. तीत लिहिले होते: रडणे, थोरली चार मिनिटे. धाकटी नाही. बाबा फाटकाशी वीस मिनिटे. उद्यापासून चालणार नाही. जागा दिल्या.

गुरुवारी बाईसाहेब आपल्या टेबलावर बसल्या. कोणा म्हाताऱ्या शिक्षकाची वरची कवळी होती. चौदा दात त्यांनी एकामागोमाग एक बसविले, मध्ये कोणी हाक मारिली नाही, आणि शेजारच्या कारागिराने आपल्या जावयाची तक्रार सुरू केली ती त्यांनी शेवटपर्यंत ऐकोन घेतली. चहा गरम प्याल्या.

त्याच दिवशी आत्याबाईंचा फोन आला. मोहिमेचा सविस्तर वृत्तांत ऐकोन त्यांनी पुसिले की पहिल्या दिवशी जी रडली ती कोणावर गेली म्हणायची. बाबा सरकारांनी फोन या कानावरोन त्या कानास लाविला. मग म्हणाले, "माझ्यावर."

आत्याबाईंनी हे मान्य केले नाही. तथापि बाबा सरकारांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही, हे येथे मुद्दाम नोंदले पाहिजे.

येणेप्रमाणे पाळणाघर तिसऱ्या दिवशी सर जाहले. मोहिमेचे सेनापती धाकट्या सरकार, तोफखाना थोरल्या सरकार, मसलत बाईसाहेबांची; बाबा सरकारांनी चपला घातल्या. दोन्ही कार्डे त्या सायंकाळी खिशातून सेनापतींच्या हाती लागली. एक तोफेने खाल्ले आणि एक कापसाने, आणि कोणी कोणते खाल्ले हे लिहून ठेविलेले नाही. लेखनसीमा.