एक रेघ, तारीख आणि सही

हायडेलबर्गच्या आमच्या इमारतीत जिना झाडायच्या पाळ्यांचा कागद खाली दाराशी लावलेला असतो. एकदा कुणीतरी त्यावरच्या आपल्या नावाला व्हाइटनर फासून शेजारणीचं नाव लिहिलं. ते बघून आमच्या वरच्या मजल्यावरच्या विद्याताई केसकर अशा किंचाळल्या, की मला वाटलं जिन्यात साप निघाला.

"अगं उज्ज्वला, पुरावा नष्ट केलाय!"

विद्याताई एकट्याच राहतात. इथल्या एका हॉस्पिटलात स्तनाच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधांच्या चाचण्या चालतात, त्यांची कागदपत्रं त्या सांभाळतात. तिथला नियम असा, की चूक झाली तर गिरगटायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख, सही आणि बदलाचं कारण. चांगला नियम आहे हो, पण बाईंनी तो घरी आणला! त्यांच्या भाजीच्या यादीत वांग्यांवर रेघ, पुढे तारीख, 'वि. के.' आणि 'कारण: मऊ निघाली.' मंडळाच्या गणपतीला मी मोदकांचा आकडा एकवीसचा तेवीस केला, तर माझीही सही घेतली. मोदक देवाचे आणि सही माझी!

बोलणंही तसंच. "निकाल हातात येईपर्यंत अंदाज करायचा नाही," हे त्यांचं पालुपद. उद्या छत्री नेऊ का विचारलं, तरी हेच.

चाचणीतल्या बायकांबद्दल मात्र चकार शब्द नाही. फक्त एखाद्या संध्याकाळी त्या वाटीभर शिरा घेऊन दारात उभ्या राहतात.

"कशाबद्दल, ताई?"

"सांगता येत नाही. तू खा."

मग मी ओळखते, कुणाचा तरी रिपोर्ट चांगला आलाय. मीही बिनबोलता वाटी रिकामी करते.

मार्चच्या अकरा तारखेला माझ्या डॉक्टरीणबाईंच्या हाताला गाठ लागली. माझ्या छातीत. नवरा आठवडाभर म्युनिकला, मुलगी शाळेत. घरी येताना जिन्यात विद्याताई भेटल्या आणि मी त्यांच्यापुढे घळाघळा रडले. त्यांनी रुमाल दिला आणि म्हणाल्या, "निकाल हातात येईपर्यंत अंदाज करायचा नाही." असा राग आला मला! माणूस आहे की फॉर्म?

पण गाठीचा तुकडा काढायच्या दिवशी सकाळी सातला त्याच माझ्या दारात, डब्यात पोहे घेऊन.

"अहो ताई, तुम्ही भाचीच्या लग्नाला पुण्याला जाणार होतात ना?"

"लग्न पुढे ढकललंय. हॉलचा घोळ. चल, बस जाईल."

मनूच्या लग्नात नेसायच्या पैठणीबद्दल मी वर्षभर ऐकत होते. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ती सुई होती.

आठवड्याने पत्र आलं. माझं जर्मन जेमतेम, शब्द फोडून अर्थ लावायची खोड. सुरुवातीला लांबलचक लॅटिन, ते डोक्यावरून गेलं. शेवटी, बाकी सगळं 'उनआउफफेलिश'. आउफफालन म्हणजे लक्षात येणं. आधी 'उन' लागला की त्याचा अर्थ 'नाही'. म्हणजे यांच्या लक्षातच आलं नाही! एवढी गाठ, एवढी सुई, आणि मेल्यांना काही दिसलंच नाही! मी अनवाणी वर पळाले.

विद्याताईंनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग एकदम माझे दोन्ही दंड धरले.

"अगं वेडे! उनआउफफेलिश म्हणजे नाव ठेवायला जागा नाही! गाठ साधी आहे, काही करणारी नाही. जर्मन डॉक्टर यापेक्षा गोड बोलत नाहीत!"

मी तिथेच मटकन खाली बसले. रडले, मग हसत सुटले, आणि कित्येक दिवसांनी मला कडकडून भूक लागली. ताई तोवर पाठ फिरवून रवा भाजायला लागल्या होत्या. नाक ओढल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

पाणी प्यायला उठले, तर फ्रिजवर त्यांचं कॅलेंडर. परवाच्याच चौकोनात लिहिलेलं, 'पुणे. मनूचं लग्न.' त्यावर एकच सरळ रेघ, खालचं स्वच्छ वाचता येत होतं. शेजारी 'वि. के.' आणि तारीख, अकरा मार्च.

अकरा. मी जिन्यात रडले तो दिवस. हॉलचा घोळ वगैरे काही झालाच नव्हता. परवा पुण्यात लग्न लागलं होतं आणि मावशी इथे माझ्या पत्राची वाट बघत बसली होती.

"ताई," मी म्हटलं, "कारण लिहायचं राहिलंय."

त्यांनी वळून कॅलेंडरकडे बघितलं आणि कानापर्यंत लाल झाल्या.

"आल्झो..." त्या जर्मनांसारखं 'म्हणजे...' करत रव्याकडे बघत म्हणाल्या, "जागा नव्हती गं."

कॅलेंडरवर त्या चौकोनापुढचा अख्खा आठवडा कोरा होता.