शांतवनकाकांसमोर तारीफ करू नका

तुमच्या घरी आलेल्या माणसानं तुमच्या टीव्हीची तारीफ केली, तर तुम्ही काय करता? इंच सांगता, किंमत सांगता, सेलमध्ये कसा स्वस्तात पडला ते सांगता. पाहुणा आतून जळतो आणि तुम्हाला चहा जास्तच गोड लागतो. खरं ना?

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे शांतवनकाका यातलं काहीच करत नाहीत. ते उठतात, टीव्हीची वायर काढून गुंडाळतात आणि पाहुण्याच्या हातात देऊन म्हणतात, "घेऊन जा. माझ्याकडं अडकून पडला होता बिचारा. सुटला."

काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. एस्तेरकाकू गेल्या, मूलबाळ नाही. दर रविवारी पांढरा सदरा घालून छावणीतल्या चर्चमध्ये उपासनेला जातात. चर्चला ते 'देऊळ' म्हणतात आणि भेटेल त्याला 'सलाम' करतात. बाकी माणूस साधा. फक्त त्यांच्यासमोर कुठल्याही वस्तूला चांगलं म्हणायचं नाही. माझ्या आईनं एकदा त्यांच्या हातच्या भरिताला छान म्हटलं, तर भरीत कढईसकट आमच्या घरी आलं. कढई परत द्यायला गेली, तेव्हा घाबरून तिनं आणखी काही बोलायचं टाळलं. तेव्हापासून तिची मला ताकीद आहे, "तिथं जाऊन नुसतं 'बरं आहे' म्हणायचं. 'छान' तोंडातून काढायचं नाही."

पण सगळेच माझ्या आईसारखे नसतात. खालच्या मजल्यावरच्या जाधवसाहेबांना हे कळलं आणि त्यांच्या तोंडाला तारिफेचा पाझर फुटला. जाधवसाहेबांची सोयगावला शेती, इथं कंपनीत नोकरी, दारात रोज काहीतरी नवं घेऊन येणारा डिलिव्हरीवाला. तरी ते वर चढायचे. "काका, मिक्सर लई भारी हाय हो तुमचा!" मिक्सर खाली. "काका, असला सोफा आता मिळत नाय बरं का!" सोफा खाली. समोरच्या देशपांडेवहिनींची पद्धत जरा सुशिक्षित. त्या नुसता उसासा टाकायच्या, "आमच्याकडे असं भिंतीवरचं घड्याळ कुठलं?" काम तेवढंच व्हायचं.

एकदा या दोन घरांत पार्किंगवरून जुंपली. काकांनी स्वतःची स्कूटर कुणाला तरी देऊन टाकलेली, तर तिच्या रिकाम्या जागेवर दोघांचा दावा. शिव्यांपर्यंत गेलं. तेव्हा काका थर्मास घेऊन खाली आले, त्या जागेच्या बरोब्बर मध्ये मांडी घालून बसले आणि म्हणाले, "गाड्यांना भांडू द्या. तुम्ही चहा घ्या." ती मांडी काही हलेना. शेवटी दोघंही शरमून चहा प्याले. जागा आळीपाळीनं वापरायचं ठरलं. निघताना जाधवसाहेब म्हणाले, "थर्मास मजबूत हाय हो काका."

थर्मासही गेला.

मी चंगळवादाविरुद्ध पत्रकं काढणारा माणूस; माझं डोकं फिरायचं. कर्ज काढून फोन बदलणाऱ्या, जुना सोफा दिसला की लाजणाऱ्या या शहरात एक माणूस घर रिकामं करतोय आणि लोक त्याची लूट करतायत! मी वर जाऊन म्हणालो, "काका, हे तुमचं बाजाराविरुद्धचं बंड आहे. मी यावर पत्रक काढतो."

"बंड कसलं रे बाबा? प्रभू म्हणतो दे, म्हणून देतो. त्यात तू भांडण कशाला घालतोस?"

"पण लोक लुटतायत तुम्हाला!"

"लुटायला का होईना, जिना चढून वर येतात ना? जरा वेळ बसतात. एस्तेर गेल्यापासून या घरात दुसरा आवाज कुठंय?"

पत्रक राहिलं. घर मात्र रिकामं होत गेलं. पंखा गेला, टेबल गेलं, कपाट गेलं. आणि एक दिवस तारीफ करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा जिना चढणारे पायही थांबले.

परवाच्या नाताळला काकांनी दाराला कागदाची चांदणी लावली. दरवर्षी त्यांच्याकडं फराळाला अख्खी इमारत लोटायची. या वेळी मी संध्याकाळी वर निघालो, तेव्हा वाटेत जाधवसाहेबांच्या घरात डोकावून म्हटलं, "चला की, काका वाट बघत असतील."

"जाऊन बसायचं कशावर?" जाधवसाहेब हसले. "काय ठेवलंय का तिथं?"

हे ते काकांच्याच सोफ्यावर बसून म्हणत होते.

वर दार सताड उघडं होतं. फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून काकांनी घरागणिक एक ताट वाढून ठेवलं होतं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. एकाही ताटाला हात लागलेला नव्हता. पांढऱ्या सदऱ्यातले काका भिंतीला टेकून दाराकडं तोंड करून बसले होते.

"सलाम, सलाम! ये. लोक कामात असतील."

मी चिडून वळलो. "थांबा, एकेकाला खेचूनच आणतो."

"नको. खेचून आणलेला माणूस घड्याळ बघत बसतो."

मी एक करंजी खाल्ली. थोड्या वेळानं निघायला उठलो, तशी काकांची धांदल उडाली. ते भिंतीवरून, फरशीवरून, खिडकीवरून नजर फिरवू लागले.

"हा पडदा बघितलास का? कापड चांगलंय. एस्तेरनं शिवलाय." ते टाचा उंचावून दांडीवरून पडदा काढायला लागले. "आईला दाखव. नाही आवडला, तर उद्या परत आणून दे."

मी दाराशी थबकलो.

"आवडला," ते मागं न वळता म्हणाले, "तरी उद्या ये."

मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि शेजारी बसलो. सुखाच्या दुकानदारीविरुद्ध मी पुष्कळ लिहिलंय. पण सगळं देऊन टाकलेल्या माणसालाही काहीतरी हवं असतं, हे त्यातल्या एकाही ओळीत नव्हतं.

म्हणून या वेळी घोषणा नाही, एक विनंती आहे. तुमच्या जिन्यावर असं एक दार असेलच. या रविवारी ते ठोठावा. काही मागू नका, काही नेऊन देऊ नका. आत जा, फरशीवर बसा आणि तो माणूस बोलायचा थांबेपर्यंत उठू नका.